यंदाची बरणी

नाही, नाही, आत या, चपला तिथंच राहू द्या, कुणी नेत नाही — आणि नेल्या तर नेल्या, तुम्ही कंपनीतली माणसं, दुसऱ्या घ्याल. आम्रपालीनं पाठवलं म्हणालात ना? तेच म्हटलं. बाप बोपोडीत राहतो, लेक वाकडला राहते, मधे एक नदी आणि चार सिग्नल, पण येणार कोण — तर निकिता. निकिताच ना? तिच्या शेजारच्या टेबलावर बसता. बरं. बसा. चहा गुळाचा आहे, चालत असेल तर ठेवतो. नसेल तर माठातलं पाणी आहे. बाटलीतलं मिळायचं नाही.

हां, लोणचं. 'आईच्या हातचं लोणचं घेऊन ये', असंच सांगितलं ना तिनं? नेमकं काय म्हणाली — 'बाबांकडून' म्हणाली की 'त्यांच्याकडून'? राहू द्या, कळलं. तर ती फळी बघा. दोन बरण्या आहेत. डावीकडची मागच्या वर्षीची, उघडलेली, तळाला चार फोडी आहेत. उजवीकडची यंदाची. यंदाची म्हणजे सुंदरानं, माझ्या बायकोनं, जूनमध्ये घातलेली. ऑगस्टमध्ये ती गेली आणि आता फेब्रुवारी चाललाय. तोंडाला फडकं बांधलंय ना, ती गाठ तिची आहे. मी हात लावलेला नाही. का, विचारा ना. कारण डावीकडची अजून संपलेली नाही. या घरात जुनं संपल्याशिवाय नवं उघडत नाहीत. तीस वर्षं नाही उघडलं.

हसा, हसा. आम्रपालीनं तुम्हाला सांगितलंच असणार, डबा खाताना दुसरं काय बोलणार तुम्ही. पण हे नाही सांगितलं तिनं, की माझी आई लोणी काळभोरला दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची आणि संध्याकाळी पदरात जे पडेल त्यावर आमची चूल पेटायची. नाही पडलं तर नाही पेटायची. घरात उद्याचं काही शिल्लक असणं म्हणजे काय, हे मला खडकीच्या कारखान्यात चिकटलो तेव्हा कळलं. आई पहिल्यांदा इथं आली, सुंदरानं भरलेली बरणी तिनं बघितली, आणि बरणीवर हात ठेवून मला म्हणाली, "हिमत्या, ही अशीच ऱ्हाऊ दे रं. भरल्यालं दिसलं की बरं वाटतंय." झालं. त्या दिवशी मी ठरवलं, माझ्या घरात एक बरणी कायम भरलेली दिसली पाहिजे. एक खायची, एक बघायची. यात चुकलं काय? तुम्ही बँकेत ठेवता ते बघायलाच ठेवता ना?

आणि नुसतं लोणचं नाही. कुरडया, सांडगे, वाळवलेल्या मिरच्या — सगळ्याला हाच नियम. मागे परसात शेवगा मी लावला, अळू मी लावलं, दुधीचा वेल मी चढवला, तो आंबा कोय टाकून मी वाढवला. बुद्धपौर्णिमा होऊन गेली की मी कैऱ्या उतरवायचो, सुंदरा फोडायची. मंडईत जायचो ते बाजार उठताना, उरलंसुरलं गाडीवाले देऊन टाकतात तेव्हा. लोणच्याचं तेल मी स्वतः मापून द्यायचो, दोन तांबे, थेंब वर नाही — आणि त्या मापात लोणचं बरोबर बसायचं, वर्ष-वर्ष टिकायचं, कधी बुरशीचा ठिपका नाही. शेजारणी विचारायला यायच्या. मी सांगायचो, माप लागतं. अशा घरात पोरगी इंजिनिअर झाली, क्लास न लावता. आता ती म्हणते — मला नाही, तिच्या मावशीला म्हणाली, पण मला ऐकू जाईल अशा बेतानं — म्हणते, "आम्ही जन्मभर मागच्या वर्षीचं जेवलो. नवं जुनं होईपर्यंत थांबायचं आणि मग खायचं." ताजी कुरडई कधी तळून मिळाली नाही म्हणे. खोटं आहे. कुरडया घालताना वाटीभर चीक खायची की ती! गरम, तूप घालून. ते नाही लक्षात राहत.

तुम्हाला उशीर होतोय का? होऊ द्या. कंपनीची बस काय, पुढची येईल.

काय असतं, माणसाला लोक एका वाक्यावरून ओळखतात. माझं ते वाक्य जुलैतलं आहे. सुंदराच्या पोटात दुखायचं, ती सांगायची नाही, ओवा खायची. सांगितलं तेव्हा उशीर झालेला. डॉक्टर म्हणाले घरी न्या, मागतील ते द्या. तिथं, त्या कॉटवर होती. आणि तिनं मागितलं काय — "अहो, यंदाची बरणी एकदा उघडून बघा ना." मी म्हटलं, अजून जुनं आहे की निम्मं. दुसऱ्या दिवशी परत तेच. तिसऱ्या दिवशी परत. मी काय वाईट बोललो? डावीकडची बरणी उघडली, त्यातली फोड वाटीत घालून दिली. तिनं वाटी बाजूला ठेवली. म्हणाली, "हे नव्हे हो, ते." आणि मी म्हटलं — आम्रपाली उशाशी बसली होती — मी म्हटलं, "हे संपू दे आधी." बस. एवढंच.

पोरगी उठली, कोपऱ्यावरच्या दुकानातून लोणच्याचं पाकीट घेऊन आली, दातानं फोडलं आणि आईच्या जिभेवर बोटानं लावलं. दुकानातलं! माझ्या घरात! आणि सुंदरा काय म्हणाली माहितीये? "चांगलं आहे गं." मला खरं लागलं ते तिथं. आठ दिवसांनी ती गेली. तिच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाला त्याच संध्याकाळी आम्रपालीनं बॅग उचलली. फोन करते, नाही असं नाही. 'गोळ्या घेतल्या का' विचारते, 'घेतल्या' म्हणतो.

तर तिला सांगा, हवं असेल तर स्वतः ये. चार सिग्नल आहेत. मी काही दार लावून बसलेलो नाही — काय? कधी? येत्या शनिवारी? अमेरिकेला म्हणजे — किती दिवस? दोन वर्षं. हां. नाही, नाही, सांगितलं असेल मला, माझ्याच लक्षात राहिलं नसेल. सांगितलंच असेल. गोळ्यांचं विचारताना राहिलं असेल.

बरं. मग असं करा, ती डावीकडची मला राहू द्या. खरं सांगू? ती केव्हाच संपायला हवी होती. मी फोड चाखतो आणि परत ठेवतो. चार चार दिवस एक फोड पुरवतो. ती संपली की नियमाप्रमाणे ही उघडावी लागेल, आणि ही संपली की मग तिच्या हातचं काही उरत नाही घरात. तुम्ही लहान आहात, तुम्हाला काय सांगायचं. मला बघायला लागते ती. तोंडानं कधी बोललो नाही सुंदराशी फार — पण न्या ही. निम्मं काढून देतो. नाही, अख्खीच न्या, तिकडे कुठं मिळायचं तिला. मोडला नियम. जरा तो स्टूल धरा. धरा नीट, जड आहे ती. हां. आता ही गाठ — घट्ट बांधायची हो ती, नख लावावं लागतं. सुटली.

हा वास कसला?

थांबा. वरवरचं असेल. वरचा थर काढला की खाली चांगलं असतं, तो चमचा द्या. पांढरं — हिरवं पण आहे. अजून खाली जातो. मऊ पडलंय. हे पण. हे पण. तेल कुठं आहे? बोटभर वर उभं राहायला पाहिजे तेल, इथं फोडी कोरड्या पडल्यात. दोन तांबे दिले होते मी, दरवर्षी देतो तेवढेच. दरवर्षी पुरतं ते. दरवर्षी पुरतं.

पुरत नव्हतं.

फोडी तेल पितात हो. पंधरा-वीस दिवसांनी बरणी उघडून बघायची असते आणि वरून परत ओतायचं असतं. कुठलं ओतत होती ती? जुलैमध्ये आमच्याकडे भाजी कोरडी असायची. दरवर्षी. फोडणीच नाही, नुसती वाफेवरची. मी म्हणायचो, वा, हात आटोपता झाला तुझा. ती हसायची. स्वयंपाकातलं वाचवून ती यात घालत होती — तीस वर्षं — आणि मी शेजारणींना माप सांगत होतो.

तिला खायचं नव्हतं. उघडून बघा म्हणत होती. तेल बघा म्हणत होती. जाता जाताही तिला काळजी या बरणीची होती, आणि आम्हा दोघांना वाटलं तिला चव हवीये. मी नाही दिली, पोरीनं दुकानातली दिली.

नाही, तुम्ही रडू नका. उठा. हे बघा निकिता, आता मी सांगतो ते नीट ऐका. तिला यातलं काही सांगायचं नाही. आईच्या हातचं नासलं, हे घेऊन तिनं विमानात बसायचं नाही. सांगा, गेले होते, म्हाताऱ्यानं दिलं नाही. जुनं संपल्याशिवाय उघडत नाही म्हणाला. हो, असंच. तिचा लगेच विश्वास बसेल. ती जुनी बरणी? नको. जुनं पाठवलं तर विचारेल, नवं का नाही दिलं. काहीच नको. रागावू दे. राग टिकतो, दोन वर्षं सहज पुरेल तिला.

चपला घाला. बस चुकेल तुमची.