न झाडलेल्या तिसऱ्या काडतुसाबाबत

नाव: मुंडचेरंडा दमयंती उत्तय्या. वय: ५४ वर्षे. धंदा: कॉफी, मिरी व थोडी भातशेती. राहणार: तोरकेरी, तालुका विराजपेट, जिल्हा कोडगू.

आज ठाण्यात बोलावणे आल्यावरून मी स्वतः हजर झाले असून, कोणी शिकवले-पढवले नसताना माझ्या तोंडाने सांगते ते असे की,

वरील पत्त्यावर मी, माझे पती उत्तय्या (सैन्यातून निवृत्त) व सासरे माचय्या असे तिघे राहतो. सासऱ्यांचे वय शहाऐंशी असून ते उन्हाळ्यापासून अंथरुणाला खिळून आहेत. कान व डोके शाबूत आहे, कमरेखालचे अंग गेले आहे. घटनेच्या दिवशी पती गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी म्हैसूरच्या दवाखान्यात होते. भाताच्या खाचरांपलीकडे माझे धाकटे दीर बिद्दप्पा यांचे घर आहे. हवालदारसाहेब त्यांना 'मयत' असे लिहीत होते. मी बिद्दप्पा असे लिहायला सांगितले आहे.

जप्त केलेली बंदूक माझ्या पतींची आहे. एकनळी, बारा बोअर. वाटणीत सासऱ्यांची जुनी विलायती दुनळी बिद्दप्पांकडे गेली. घर आणि सासरे आमच्याकडे आले. कोडव माणसाच्या घरात बंदूक नसणे म्हणजे काय, ते साहेबांना मी सांगायला नको. दुकानातली सगळ्यांत स्वस्त होती ती पतींनी आणली. दस्ता कसल्याशा पांढऱ्या लाकडाचा, वरून तपकिरी रंग फासलेला, तो घाम आला की हाताला लागतो. बार काढल्यावर काडतुसाचे टरफल फुगून आतच अडकायचे. मग नळीच्या तोंडातून गज घालून ठोकून काढावे लागायचे. त्यामुळे ती लागोपाठ दोनदा कधीही उडाली नव्हती.

हे मुद्दाम सांगते, कारण आमच्याकडे मुलगा झाला की एक बार काढतात आणि माणूस गेले की दोन, एकामागोमाग. दोन ऐकू आले की हातातले काम टाकून सगळा गाव त्या घराकडे निघतो. म्हणून माकडे-डुकरे हाकलतानासुद्धा कुणी पाठोपाठ दोन बार काढत नाही. मध्ये पान खाऊन होईल एवढा वेळ सोडायचा, हे लहानपणापासून अंगवळणी पडलेले असते. माझे पती चेष्टेने म्हणायचे, "आपली बंदूक कुणाला मरू द्यायची नाही बघ. मी गेलो तर बिद्दूची मागून आण."

कैलपोदच्या सणाला बंदुकांची पूजा झाली, कळलावीची फुले वाहिली आणि नेहमीप्रमाणे मैदानावर नारळ पाडण्याचा खेळ झाला. पतींना उभे राहवत नव्हते म्हणून बंदूक घेऊन मी गेले. माडाच्या शेंड्यावरचा नारळ दुपारपर्यंत कुणालाच पडेना. बिद्दप्पांच्या दुनळीलाही नाही. मी पुढे झाले तेव्हा ते सगळ्यांदेखत म्हणाले, "वहिनी, बंदूक आहे की चुलीची फुंकणी? नारळ गोळीने पाडायचाय, हसवून नाही." लोक हसले, मीही हसले. मग छऱ्यांचे नव्हे, एका गोळीचे काडतूस घालून बार काढला. नारळ फुटून त्याचे पाणी खाली उभ्या राहिलेल्यांच्या डोक्यावर पडले. नशिबाने लागला असेल म्हणून शेजारच्या करुंबय्यांनी तीच बंदूक घेतली आणि दुसरा नारळ पाडला. करुंबय्यांना म्हशीच्या पाठीवर बसूनही म्हैस मारता यायची नाही, हे गाव जाणतो. तेव्हा सगळ्यांना कळले की ती दिसायला दरिद्री असली तरी गोळी रेघ मारल्यासारखी सरळ नेते, आणि लांबवर नेते.

माझी जीभ तिखट आहे. मी म्हणाले, "भावजी, आता तुमच्या विलायतीने चूल फुंका." त्यावर फारच मोठा हशा झाला. बिद्दप्पा मात्र हसले नाहीत. सणाचे जेवण आमच्या घरी होते, डुकराचे मटण, तांदळाच्या कण्यांचे कडंबुट्टू, सगळे शिजले होते. ते न जेवता गेले व त्यानंतर वडिलांना भेटायलाही आले नाहीत. त्यांचे मेहुणे चिण्णप्पा यांनी तक्रारीत जे भांडण लिहिले आहे ते एवढेच. जमिनीचे काही नव्हते.

घटनेच्या दिवशी सकाळी, उजाडल्यानंतर पण धुके उठायच्या आत, मागच्या बाजूला केळी मोडल्याचा आवाज आला. खिडकीतून पाहिले तर एकटा सुळेवाला हत्ती. आमची कोरडी खोली एकच आहे, त्यामुळे सासऱ्यांच्या पलंगाशेजारीच तांदळाची पोती रचली होती. हत्तीला तांदळाचा वास भिंतीतून येतो. त्याने भिंतीला डोके लावले. सासरे म्हणाले, "दमयंती, काय वाजतंय?"

"हत्ती आहे मामंजी. बोलू नका."

"बोलू नको तर काय करू, पळू?"

तेवढ्यात विटा आत पडल्या व एक सुळा त्यांच्या उशाशी आला. माझी पाचावर धारण बसली. त्यांना उचलायचा प्रयत्न केला, उचलवले नाहीत. मी बंदूक घेतली. नारळाच्या खेळातली तीन काडतुसे उरली होती, तिन्ही एका गोळीची. पडवीत येऊन हवेत बार काढला. हत्ती आवाजाने मागे फिरला नाही; तोंड होते तिकडेच, म्हणजे भिंतीतच, आणखी घुसला. वरचे वासे खाली आले. मी बंदूक बिजागरीवर मोडून नळी उघडली. टरफल अडकणार म्हणून गज शोधत होते, तर ते आपोआप घसरून पायाशी पडले. असे कधी झाले नव्हते. मी दुसरे घातले आणि बार काढला. त्या वेळी माझ्या डोक्यात गाव, रीत, काहीही नव्हते. तोवर हत्तीने भिंतीतून डोके ओढून बाहेर काढले होते. तो तोंड फिरेल तसा निघाला आणि अंगण ओलांडून खालच्या वाटेला लागला.

मी आत गेले. सासरे धुळीने पांढरे झाले होते, पण खरचटण्यापलीकडे काही नव्हते. मला वाटले, सुटलो. ते म्हणाले, "दोन काढलेस."

मी म्हटले, "उडाली, मामंजी. दुसऱ्यांदा उडाली."

"लोकांना वाटेल मी गेलो. आता सगळे निघतील. हत्ती कुठल्या अंगाला गेला?"

"खालच्या वाटेने."

"मग इथे काय उभी आहेस?"

माझ्या तोंडचे पाणी पळाले. गावातून आमच्या घराकडे यायला तीच एक वाट आहे, दोन्ही बाजूंना बांबू आणि खाली खाचरे. धुक्यात समोरचा माणूस दिसत नव्हता. फोनला आमच्या अंगणात रेंज नसते. माणूस मेले हे कळवायची खूण आमच्याकडे आहे. मेले नाही हे कळवायची नाही. आणखी एक बार काढला असता तर त्याचा अर्थ कुणालाच लागला नसता. मी म्हटले, भिंत उघडी आहे, तुम्हाला एकट्याला कशी टाकू. ते म्हणाले, "गावाच्या हिशेबी मी मेलोच आहे. जिवंत आहेत त्यांच्याकडे जा."

उरलेले काडतूस भरून मी वाटेने पळाले. जीव मुठीत धरून म्हणतात ते त्या दिवशी कळले. आपण हत्तीच्या मागून चाललो आहोत की हत्ती बाजूच्या बांबूत उभा आहे, हे कळायला मार्ग नव्हता. मी ओरडत होते की येऊ नका, हत्ती आहे. वळणापाशी वाटेच्या मधोमध त्याची पाठ दिसली. तो उभा होता. त्याच्या पलीकडून, धुक्यातून, रडण्याचा आवाज येत होता. आवाज बिद्दप्पांचा होता. मोठ्या पुरुषाला असे मोकळे रडताना मी कधी ऐकले नव्हते. ते सगळ्यांच्या पुढे, एकटे आले होते. पायात चप्पल नव्हती, ते मागाहून पाहिले.

मी जिवाच्या आकांताने ओरडले, "भावजी, अप्पा जिवंत आहेत! मागे फिरा! हत्ती आहे!" त्यांनी पहिले तेवढे ऐकले असावे. कारण रडणे थांबले आणि पावले धावू लागली. ती मागे नाही गेली, माझ्या दिशेने आली.

या ठिकाणी साहेबांनी मला विचारले की, हातात भरलेली बंदूक असताना हत्तीवर बार का काढला नाही. चिण्णप्पांनीही तेच विचारले आहे. माझे उत्तर असे की, हत्ती व बिद्दप्पा एका रेषेत होते. बंदूक लोक म्हणत होते तशी फुंकणी असती तर मी डोळे मिटून झाडली असती; गोळी हत्तीपाशीही पोचली नसती, आवाज तेवढा झाला असता. पण ती किती लांब आणि किती सरळ मारते ते मी पाहिले होते. हत्तीला चाटून गेली असती तर पुढे बिद्दप्पाच होते. हवेत का नाही, असेही विचारले. हत्ती आवाजाला भिऊन तोंड असेल तिकडे पळतो, हे थोड्याच वेळापूर्वी माझ्या घराच्या भिंतीवर पाहिले होते. त्याचे तोंड बिद्दप्पांकडे होते.

हे सगळे मी त्या क्षणी असे ओळीने ठरवले, असे मात्र म्हणणार नाही. मी भ्याले होते. बोट चापावर होते व ते वाकत नव्हते. आधी विचार आला की आधी बोट गोठले, हे मला सांगता येत नाही, आणि झोप लागत नाही ती यामुळेच. स्वस्तातली बंदूक खरोखरच स्वस्त निघाली असती तर बरे झाले असते, असे रोज वाटते.

त्यानंतर काय झाले ते डॉक्टरांच्या अहवालात आहे. मी वेगळे सांगत नाही.

हत्ती बांबूत उतरून गेल्यावर गावातली माणसे आली. सगळी पांढऱ्या कपड्यांत होती, कारण ती सासऱ्यांच्या मयताला निघाली होती. करुंबय्यांनी माझ्या हातातली बंदूक काढून घेऊन मोडली तेव्हा भरलेले काडतूस खाली पडले. चिण्णप्पा म्हणाले, "भरलेली होती? मग बघत काय उभी राहिलीस?" त्यांची बहीण, म्हणजे बिद्दप्पांची बायको, तिथेच बसली होती.

बिद्दप्पांसाठी बार काढले नाहीत. पलंगावर सासऱ्यांना ऐकू गेले असते, आणि त्यांना काही कळू द्यायचे नाही असे पतींनी म्हैसूरहून फोनवर सांगितले होते. आमच्या गावात बार न काढता नेलेला माझ्या आठवणीतला हा पहिलाच माणूस. सासऱ्यांना सांगितले की बिद्दू भावाजवळ थांबायला दवाखान्यात गेला आहे.

पडलेल्या भिंतीला सध्या ताडपत्री लावली आहे. हत्ती त्यानंतर दोनदा येऊन गेला. उजाडू लागले की मी ताडपत्रीकडे बघत बसते. बंदूक घरात नाही याची भीती वाटते, आणि परत आणून दिली तर त्याचीही वाटेल.

आज इथे यायला निघाले तेव्हा सासऱ्यांना पेज भरवत होते. त्यांनी चमचा बाजूला केला व म्हणाले, "बिद्दू वाटेवर गेला ना?" मी चमचा पुन्हा पुढे केला. ते म्हणाले, "मी लुळा आहे, बहिरा नाही. खाली बायका रडत होत्या, आणि वर माझ्याकडे कुणी आलं नाही. मेलेल्याच्या घरी कुणी आलं नाही म्हणजे लोकांना दुसरा मेलेला मिळाला." मी हो म्हणाले. त्यांनी विचारले, "काही बोलला का?"

वर एक गोष्ट सांगायची राहिली, ती आता सांगते. मी राहू दिली होती. हत्तीच्या पलीकडून बिद्दप्पांनी मला हाक मारून विचारले होते, "वहिनी, जाताना अप्पांनी माझं नाव घेतलं का?" मी त्यांना अप्पा जिवंत आहेत म्हणून ओरडले ते यानंतर. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मी दिले नाही. सणाच्या दिवसापासून सासऱ्यांनी त्यांचे नाव काढले नव्हते, हे मला माहीत होते.

सासऱ्यांना मी ते सगळे सांगितले. त्यांनी विचारले, "मग तू काय म्हणालीस?"

मी म्हटले, "मी ओरडून सांगितलं, घेतलं, रोज घेतात."

"ऐकलं त्याने?"

"ऐकलं. म्हणून तर धावले."

यावर त्यांनी तोंड उघडले व मी उरलेली पेज भरवली.

हे मी त्यांना खोटे सांगितले आहे. ठाण्यात खरे सांगावे लागते म्हणून इथे जसे घडले तसे सांगितले. सासऱ्यांचा जबाब घ्यायला कोणी घरी आले तर त्यांनी हा भाग तिथे बोलू नये, एवढी माझी विनंती आहे.

माझा हा जबाब मराठी जाणणाऱ्या हवालदारांनी लिहून घेतला, मला समजेल अशा बोलीत मोठ्याने वाचून ऐकवला. मध्ये मी दोनदा थांबायला सांगितले, ते थांबले. मी सांगितले तसाच तो उतरला आहे. त्यात कमी-जास्त काही नाही.

सही: दमयंती उत्तय्या