पहिला घोडा भिंतीला

...आणि वर मलाच म्हणतात, 'काका, हात हलका ठेवा!' अहो, काका काय? शिष्य मी, गुरुजी ते, आणि गुरुजी माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान! त्यांनी मला काका म्हणायचं, मी त्यांना गुरुजी... पण गुरुजी म्हणाले, विषय संपला.

तुम्हाला सांगतो, निवृत्त झाल्यावर जुन्या पद्धतीची भित्तिचित्रं शिकायला गेलो तो बायकोमुळे. 'आयुष्यात एक गोष्ट पुरी करून दाखवा,' म्हणाली. पेटी अर्धवट सोडली, पोहणं अर्धवट सोडलं, कबूल! म्हटलं, एक चित्र भिंतीवर पुरं काढतो आणि तुला बोलावून दाखवतो!

गेलो तर काय, चार महिने कुंचल्याला हात नाही! चुना मळा. मळलेला थापा. थापलेला दगडी गोट्यानं घोटा. 'गुरुजी, रंग?' 'रंग कुठं पळून चाललेत?' झालं! गुरुजी म्हणाले, विषय संपला. खांदा गेला, कंबर गेली, पण मी काही गेलो नाही.

पाचव्या महिन्यात म्हणाले, 'काढा घोडा. ओल आहे तोवरच हं, वाळली भिंत की रंग धरत नाही.' आता मी पडलो बत्तीस वर्षं घरांचे नकाशे काढणारा माणूस... बसलो पट्टी लावून पाय मोजत! तिसऱ्या पायाला भिंत खडखडीत! खरवडा, थापा, घोटा. दुसऱ्या दिवशी पट्टी घरी ठेवली, आणि झाला हो घोडा! चारी पाय जमिनीवर, मान वळवलेली, डोळ्यांत पाणी... माझ्या! लगेच बायकोला फोन, 'उद्या ये.'

गुरुजींनी बघितला. 'छान. आता यावर गिलावा मारा.'

'आँ?'

'पहिलं चित्र भिंतीला द्यायचं. माझंही आतच आहे.'

'एक दिवस थांबलं तर? बायको येतेय हो...'

'चुना भिजलाय, काका.'

विषय संपला! मारला. माझ्याच हातानं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? शेपटी सगळ्यात शेवटी झाकली.

दुसऱ्या दिवशी बायको हजर, ठेवणीतले कपडे घालून. 'कुठंय?' 'आत आहे.' 'आत म्हणजे?' 'भिंतीत.' तिनं भिंतीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, भिंतीवरून हात फिरवला... म्हणाली, 'अहो, काय गुळगुळीत केलीत! आपल्या न्हाणीघराची कधी करताय?'

केली. चार दिवसांत, पुरी! त्याही भिंतीत एक घोडा आहे... पण ते तिला कशाला सांगा?