त्रिशलाची साक्ष

लक्ष्मीबाई : वकीलबाई, गाडी बाजूला घ्या. अजून संकेश्वर आलं न्हाय. निपाणीला माघारी जाऊया.

त्रिशला : आत्याबाई, घरी थांबा म्हणत होते. तुम्हीच हट्टानं बसलाय गाडीत.

लक्ष्मीबाई : घरी बसून कुणाला काय सांगू? चिकोडीची माणसं परवा सौम्याला पसंत करून गेली. आणि आज पोरीची आई असल्या प्रकरणात कोर्टापुढं! लोक म्हणतील, आफ्रिकेत हिच्यावरच काय तरी बेतलं असंल.

त्रिशला : मी तिथं नर्स होते, आत्याबाई. लढाईतल्या बायकांवर उपचार केले.

लक्ष्मीबाई : मला ठावं हाय गं. लोकांना न्हाय. जिच्यावर बेतलं ती बाई सोताच का सांगत न्हाय?

त्रिशला : नवऱ्याला कळलं आणि त्यानं तिला घराबाहेर काढलं. आता परत कुणापुढं उभी राहणार न्हाय म्हणाली. 'तू बघितलंयस, तू सांग. माझं नाव तेवढं घेऊ नको.'

मैत्री : नाव कुठंच येणार नाही, आज्जी. कोर्टानं तिला नुसता नंबर दिलाय. आंतरराष्ट्रीय कोर्ट तिकडं हेगला, आपण बेळगावातनं व्हिडिओवर बोलायचं. ज्यांनी हे केलं त्या सैनिकांचा कमांडर आरोपी आहे. त्याला सगळं माहीत होतं आणि त्यानं अडवलं नाही.

लक्ष्मीबाई : लढाईत असलं व्हतंयच की. आमच्या घराण्याची अब्रू कशाला त्यात?

मैत्री : लढाईच्या जुन्या कायद्यातही हाच शब्द होता बघा. बायकांच्या अब्रूला जपा म्हणून. मार तिच्या अंगावर, आणि कायदा बघतोय अब्रूकडं. हे बदलायला बायका किती वर्षं भांडल्यात.

त्रिशला : मैत्री, त्यांचा वकील मला काय विचारील?

मैत्री : ती स्वतःच्या पायानं सैनिकांच्या छावणीत गेली का, ओरडली का, असलं काहीतरी.

त्रिशला : गेलीच होती गं. पिठासाठी. पोरं उपाशी होती तिची. मग हो म्हणायचं मी?

मैत्री : खरं असेल तेच सांगायचं, आक्का. बंदुकीपुढं बाई गप्प राहिली म्हणजे तिनं होकार दिला असं होत नाही. नियमच आहे तसा तिथं.

लक्ष्मीबाई : नियम हाय तर विचारतोय कशाला त्यो?

मैत्री : तरी विचारतात, आज्जी.

(बेळगाव. सुनावणीची मधली सुट्टी. तिघी व्हरांड्यात.)

त्रिशला : मला परत आत जायचं न्हाय. त्यांचा वकील 'ती स्वतः छावणीत गेली का, हो की नाही, तेवढंच सांगा' म्हणाला. मी हो म्हणून बसले. पुढचं बोलूच दिलं न्हाय. माझ्या एका शब्दानं ती बाई खोटी पडली तर —

मैत्री : आक्का, थांबा. साक्ष संपेपर्यंत आतलं बाहेर बोलायचं नाही. माझ्याशीही नाही. आपल्या बाजूचे वकील परत विचारतील, तेव्हा बोला.

त्रिशला : मग मी कुणाशी बोलू?

लक्ष्मीबाई : पाणी पी आधी. चिकोडीहून कलगोंडाअण्णांचा फोन आलता.

त्रिशला : पोराच्या वडलांचा? काय म्हणाले?

लक्ष्मीबाई : सूनबाई कुठं हाय म्हणाले. बस्तीत देवदर्शनाला गेलीया म्हणणार होते, देवाचं नाव घेऊन खोटं बोलवंना. मग सांगितलं सरळ. एका बाईवर सैनिकांनी बलात्कार केला, आमच्या त्रिशलानं तिला जगवलं, आता साक्ष देतीया.

त्रिशला : आणि ते?

लक्ष्मीबाई : मागनं बोलू म्हणाले. ठेवला फोन.

त्रिशला : सोयरीक गेली म्हणायची.

लक्ष्मीबाई : जाईल न्हायतर राहील. सौम्याला मीच सांगीन. पोरं उपाशी होती म्हणून ती बाई गेलती, हे सांगितलंस काय आत?

मैत्री : आज्जी, आतलं विचारायचं नाही!

लक्ष्मीबाई : मी कुठं विचारतीया? सांगितलं नसंल तर जाऊन सांग म्हणतीया.

मैत्री : आक्का, बोलावतायत. चला.

त्रिशला : तुम्ही इथंच थांबा, आत्याबाई.

लक्ष्मीबाई : हितंच हाय मी. साक्ष पुरी कर, मग निपाणीला जाऊया. आणि सावकाश बोल.