गॅसकेटची सीट

डिचोलीहून सर्वणला जाणाऱ्या मिनीबसमध्ये माझ्या पुढच्या तिघांच्या सीटवर एक जोडपं बसलं होतं. दोघांच्या मधल्या जागेवर पुठ्ठ्याला बांधलेलं, इंजिनाच्या सांध्यात बसवायचं नवंकोरं गॅसकेट.

"आपली व्हॅन शिटी मारत येते म्हणून सगळा वाडा हसतो."

"इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डच्या सांध्यातून हवा ओढते गो ती. गम लावला होता तरी."

"कशावर लावलात? जुन्या गॅसकेटच्या पापुद्र्यांवर. मी बघत होते."

"खरवडायला वेळ कुठे होता?"

"नेवरीच्या कडेला सारण राहिलं तर ती तेलात उघडते. खाताना बरं कळतं तुम्हाला!"

"बरं बाई, आज पातं घेऊन लखलखीत करतो."

"आणि बोल्ट?"

"आधी मधले, मग कडेचे. थोडे थोडे करून आवळतो."

"मागच्या खेपेला नवं गॅसकेट दुमडून खिशात घातलंत. त्याला घडी पडली, म्हणून तर जुन्यावरच गम फासायची पाळी आली."

"ह्या चवथीला गणपती व्हॅनमधूनच आणतो, बघ."

"शिटी न मारता?"

"शिटी न मारता!"

एवढ्यात कंडक्टर आला. "बाय, तो पुठ्ठा मांडीवर घ्या. ह्या आजींना बसू दे."

"मांडीवर गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीचे नारळ आहेत. अहो, तुम्ही उठा."

"मी? अगो, ह्या बसचं टप माझ्या डोक्याला लागतं."

"मग वाका थोडे. तुम्ही वाकलात तर परत सरळ होता. हे नाही होत."