बाप्तिस्म्याच्या जेवणातल्या बाटल्या

लेकीला लस टोचायला दवाखान्यात गेले होते. नंबर यायच्या आत ती मांडीवर झोपली, म्हणून मागच्या बाकावरच्या बहीणभावाचं बोलणं निवांत ऐकता आलं.

“ताई, आमच्या बाळाच्या बाप्तिस्म्याच्या जेवणाला वाइन आणलीय. तोंड वाकडं करू नकोस.”

“तुझे दाजी दारू सोडून आत्ता कुठे माणसांत आलेत. त्यांच्यासमोर ग्लास भरणार तू?”

“त्यांना कोण देतंय? मी पिणार. ख्रिस्ताने आपल्याला मोकळं केलंय, चर्चमध्ये पाळकच म्हणाले.”

“तेवढंच बरं ऐकू आलं! पुढे प्रेमाने एकमेकांची सेवा करा म्हणाले, तेव्हा डुलक्या काढत होतास.”

“म्हणजे मोकळा असूनही मी प्यायची नाही?”

“न पिण्याचीही मोकळीक आहेच की. का तेवढी झेपत नाही?”

“न झेपायला काय झालं? हळू बोल, दाजी आले तपासून.”

“काय मेहुणे, कसली खलबतं?”

“रविवारच्या जेवणाची, दाजी.”

“हां, तेच सांगायचं होतं. मी चर्चमधूनच घरी जाईन म्हणतो. तुम्ही मजेत जेवा. माझ्यामुळे कुणाला अवघडायला नको.”

“दाजी, तुमचा भाचा तुमच्याच मांडीवर गप्प बसतो. तुम्ही गेलात तर आम्ही जेवायचं कसं? बाटल्या आजच परत करतो. तुम्ही माझ्या शेजारी बसायचं.”

“आणि तू काय पिणार?”

“पाणी. खायला ताईची बोलणी आहेतच.”