आईनं बाकडं बघून गाडी घेतली

तुमी गाडी घेताना रेट बघता न्हवं? आमच्या आईनं बाकडं बघितलं. हसू नगा, ऐका.

पैसं तिच्या शेरडांचं, म्हणून मोटारसायकल घ्यायला तिला संगं न्हेली. कराडातल्या शोरूमवाल्यानं मलकापूरच्या दुकानापरास चार हजार कमी लावलं, वर हेल्मेट फुकाट. मी लगीच सही करायला निघालो. बघतोय तर आई गायब! शोधली तर मागं सर्व्हिसिंगच्या बाकड्यावर, बसल्याल्या माणसांच्या गराड्यात.

"कवापासनं बसलायसा, दादा?"

"सकाळधरनं, मावशी. एका खडखडीसाठी तिसरी खेप हाय."

आई उठली. "चल रं मलकापूरला."

मलकापूरच्या दुकानात बी ती सरळ मागं गेली. गाड्या लय, पण बाकड्यावर एकच माणूस, आन त्यो बी किल्ली घिऊन निघाल्याला. मिस्त्रीनं मान वर केली. "मावशी, तुमची गाडी कंची?"

"आजून घ्यायची हाय, बाबा."

"मग आदी चा घ्या."

मी कानात म्हणलं, "आये, हितं चार हजार जास्ती पडत्यात!"

"पडूंदेत. बिघडल्यावर तिकडच्या बाकड्यावर तूच बसणार हायस न्हवं?"

तेवढ्यात कराडवाल्याचा फोन. "साहेब, परत या की! अजून हजार कमी करतो."

आईनं फोन माझ्या हातातनं ओढून घेतला.

"रेट ऱ्हाऊंदे, लेकरा. आदी बाकड्यावरच्या त्या माणसांस्नी घरला लाव."

फोन माझ्या खिशात कोंबला आन म्हणली, "तू काय बघतोस रं? पळ, पेढं आण!"