वाळायला रात्र लागते

बाबा: आवाज देत ये म्हणून किती वेळा सांगितलं. मास्क लावला की मला मागचं काही कळत नाही.

मी: दिला होता. तुमचा कॉम्प्रेसर माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडतो.

बाबा: केला बंद. पर्स ठेव तिथे. तिथे नको, थिनर सांडलंय. आणि त्या बॉनेटला हात लावू नकोस, आत्ताच घासून पुसून ठेवलंय.

मी: माहितीये. घामाचं बोट रंगाखाली राहतं.

बाबा: राहतं, आणि वर्षभराने फुगून वर येतं. मग गिऱ्हाईक शिव्या कुणाला देतं?

डेंटरकाका: मला. पत्रा मी ठोकून सरळ करायचा, ह्याने वरून रंग मारून मिरवायचं. तीस वर्षं हेच चाललंय, पोरी.

बाबा: तू तुझं मडगार्ड ठोक. गाडी कुठे लावलीस गं?

मी: बाहेर.

बाबा: उन्हात?

मी: तुमच्या दारात सावली आहे कुठे?

बाबा: तुझ्या इमारतीखालीही ऊन, इथेही ऊन. डावी बाजू पार विटत चाललीये. बघू. दारावरचा हा ओरखडा अजून आहेच.

मी: तुम्ही बुजवल्याशिवाय कसा जाईल?

बाबा: तू गाडी ठेवल्याशिवाय कसा बुजवू? दीड वर्ष झालं. दर वेळी येतेस, गंज चढू नये म्हणून मी प्रायमरचा एक ठिपका देतो, की तू निघालीस.

मी: आज नाही जमणार. उद्या सकाळी पेपर तपासून द्यायचेत शाळेत.

बाबा: इथे तपास. वरच्या खोलीत तुझं टेबल आहे अजून.

मी: त्यावर तुमचे डबे असतात.

बाबा: उचलले मी. मागच्याच आठवड्यात.

मी: एवढ्याशा ओरखड्याला किती वेळ लागतो हो?

बाबा: लागतो. घासा, खाचेत लांबी भरा, प्रायमर मारा, मग रंग, मग वरून चकाकीला लॅकर. वाळायला रात्र लागते. घाई केली की धूळ बसते.

डेंटरकाका: रात्र?

बाबा: तुला मडगार्ड ठोकायला सांगितलंय ना?

मी: पुढच्या वेळी, बाबा. नक्की.

बाबा: बरं. पुढच्या वेळी. चहा तरी बसून घे. खुर्ची पुसलीये.

मी: तुम्ही पुसता ते थिनरच्या फडक्याने. मागच्या वेळी माझा चांगला ड्रेस गेला. मी उभ्यानेच घेते.

बाबा: घे उभ्याने. पण जाताना अर्धं मिनिट थांब. अशी गाडीच्या दारापासून जरा बाजूला हो.

मी: काय बघताय?

बाबा: काही नाही. झालं. निघ आता, सावकाश जा. पोचलीस की फोन कर.

(अडीच महिन्यांनंतर, दुपारी. तेच वर्कशॉप, शटर अर्धं वर.)

डेंटरकाका: अगं, शटरखाली वाकून काय उभी राहिलीस? आत ये की.

मी: इथेच ठीक आहे. काका, एक काम होतं. गाडी विकतेय मी. घेणारा परवा येतोय. म्हणाला, तेवढा डाव्या दाराचा ओरखडा बुजवून द्या.

डेंटरकाका: मला सांगतेस? ठोकायचं काही असेल तर सांग. रंगातलं मला पारवा काय अन् राखाडी काय, दोन्ही एकच.

मी: दुसरा पेंटर नाही ठेवला?

डेंटरकाका: दोन आले होते. दोघांनाही घालवलं.

मी: का?

डेंटरकाका: घासलेल्या बॉनेटला बोटं लावत होते. सोमवारी तू येऊन गेलीस आणि गुरुवारी सकाळी तुझा बाप झोपेतून उठलाच नाही. तेव्हापासून त्याची रंगाची गन त्या खिळ्यालाच आहे. मला नाही कुणाच्या हातात द्यावीशी वाटत.

मी: मग मी दुसरीकडे करून घेते.

डेंटरकाका: घे. पण हे घेऊन जा. त्याच्या खणात सापडलं. तुझंच असणार.

मी: तारेत ओवलेले पत्र्याचे तुकडे?

डेंटरकाका: कापलेत मीच. तुझी गाडी वळणावरून दिसेनाशी झाली की म्हणायचा, बोटभर पत्रा काप. कशाला विचारलं की म्हणायचा, मडगार्ड ठोक.

मी: नऊ आहेत.

डेंटरकाका: एकाच रंगाचे नऊ. म्हातारपणी काय सुचेल माणसाला.

मी: एक रंग नाहीये काका. हा पहिला बघा, किती गडद आहे. हा त्याहून फिका. हा अजून. माझी गाडी आहे ही.

डेंटरकाका: एका गाडीला नऊ रंग?

मी: गाडी उन्हात विटत जाते. डब्यातला नवा रंग तसाच लावला तर ठिगळ दिसतं. ज्या दिवशी काम करायचं, त्या दिवसाचा रंग जुळवायला लागतो. मला जाताना दारापासून बाजूला व्हायला सांगायचे, ते ह्यासाठी. बघून ठेवायचे आणि मी गेले की जुळवायचे.

डेंटरकाका: तू गेल्यावर जुळवून उपयोग काय?

मी: मागे लिहिलंय. तारीख, आणि खाली 'पुढच्या वेळी'.

डेंटरकाका: सगळ्यांवर?

मी: सगळ्यांवर. शेवटच्यावर थोडं जास्त आहे. 'पुढच्या वेळी. पांढरा दोन थेंब वाढवणे. गाडी सावलीत लावली असल्यास एक.'

डेंटरकाका: बस. ही खुर्ची घे. थिनर नाही हिला, पाण्याने पुसलीये.

मी: बाटली असेल ना ह्या रंगाची?

डेंटरकाका: फळीवर आहे. 'लेक' लिहिलंय चिठ्ठीवर.

मी: काढा. आणि बादलीभर पाणी द्या, घासायचा आठशेचा पेपर द्या, मास्किंग टेप द्या.

डेंटरकाका: तू करणार?

मी: आई कामावरून येईपर्यंत रोज कुठे असायचे मी? ह्याच स्टुलावर बसून पाढे म्हणायचे, आणि ते घासत घासत चुका काढायचे.

डेंटरकाका: सतराच्या पाढ्याला तू रडायचीस. जोर नको लावूस गं.

मी: नाही लावत. कडा पुसट व्हायला हवी. फडकं हातात घेऊन डोळे मिटून फिरवलं तरी ओरखडा कुठे होता ते कळता कामा नये.

डेंटरकाका: हे त्याचं बोलणं.

मी: ह्या कामातलं माझं स्वतःचं एकही वाक्य नाहीये, काका. लांबीचा डबा कुठे ठेवता आता?

डेंटरकाका: जिथे तो ठेवायचा तिथेच. काही हलवलं नाही. प्रायमरही तिथेच आहे. बरं, ते थेंबांचं काय? दोन की एक?

मी: एकही नाही.

डेंटरकाका: एवढं लिहून ठेवलंय त्याने.

मी: त्या गुरुवारनंतर गाडी मी झाकून ठेवली. आज पहिल्यांदा बाहेर काढली. हा शेवटचा तुकडा दाराला लावून बघा. वेगळा दिसतो का?

डेंटरकाका: मला आधीही दिसला नसता. पण नाही दिसत.

मी: त्या सोमवारचाच रंग आहे. कॉम्प्रेसर लावा.

डेंटरकाका: लावतो. खिळ्यावरची गन घे, मी नाही काढत. किती वेळ चालेल हे सगळं?

मी: घासायला घेतल्यापासून लॅकर सुकेपर्यंत? दोन तास.

डेंटरकाका: दोन.

मी: एवढ्या कामाला ते गिऱ्हाइकाला घरीही पाठवायचे नाहीत. त्या बाकावर बसवून ठेवायचे.

डेंटरकाका: म्हणजे तुला ठाऊक होतं.

मी: तुम्ही 'रात्र?' म्हणालात, तेव्हा हसू दाबायला मी तोंड फिरवलं.

डेंटरकाका: मग राहिली का नाहीस कधी?

मी: आई गेल्यावर एकदा राहिले होते. सकाळी निघाले तर बाबा गाडीची काच पुसायला लागले. मागची काच झाली, बाजूची झाली, पुन्हा मागची. मी इंजिन चालू करून बसलेली. काय बोलावं ते दोघांनाही कळेना. तसं पुन्हा नको झालं मला. उभ्याने चहा घेतला की निघणं सोपं जायचं.

डेंटरकाका: तुला.

मी: हो. मलाच.

डेंटरकाका: रागावू नकोस. तीस वर्षं ठोकाठोकी करतोय, हलक्या हाताने बोलता येत नाही.

मी: तुम्ही खरं तेच बोललात. लॅकरचा हात झाला, ती टेप सोडवा आता. आपल्याकडे नका ओढू, अशी मागे दुमडून.

डेंटरकाका: बाप तशी लेक. झालं? कुठे होता गं तो ओरखडा?

मी: इथे. नाही, जरा वर. इथे असेल.

डेंटरकाका: घेणारा खूश होईल.

मी: हो.

डेंटरकाका: चल, कॉम्प्रेसर बंद करतो. लॅकर सुकेपर्यंत बसून चहा घे, मग निघ. उजेडात पोचशील.

मी: वरच्या खोलीची किल्ली तुमच्याकडेच आहे ना?

डेंटरकाका: आहे. का?

मी: द्या. गाडी ठेवते आज.

डेंटरकाका: दोन तास म्हणालीस ना मघाशी?

मी: नाही काका. वाळायला रात्र लागते.

डेंटरकाका: लागते. लागतेच. घाई केली की धूळ बसते.

मी: घेणाऱ्यालाही कळवते. परवा नका येऊ म्हणून.

डेंटरकाका: कळव. ही घे किल्ली. टेबल मोकळं आहे तुझं, मी काही ठेवू दिलं नाही त्यावर. आणि जिन्यातून आवाज देत जा.

मी: वर कोण आहे ऐकायला?

डेंटरकाका: कुणी नाही. तरी दे. कॉम्प्रेसर बंद आहे.

मी: बाबा, मी आलेय. आज राहते.